नदीत उडालेली टोपी

९ सप्टेंबर २०१२, रविवार

नवी डायरी. गेल्या वर्षीची नोव्हेंबरातच बंद पडली, कारण संख्याशास्त्राने माझा जीव घेतला होता. यंदा नेमाने लिहिणार. मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलीने निदान स्वतःच्या मनावर तरी लक्ष ठेवायला नको का?

आज किनाऱ्यावरच्या झाउटकाम्प गावी आजोबांकडे गेले होते. दर रविवारी जायचं असं आजी गेली तेव्हाच ठरवलंय आणि माझ्या कॉलेजच्या शहरातून, ग्रोनिंगनहून, बस सरळ त्यांच्या बंदरापाशी सोडते. कॉफी ओतता ओतता त्यांनी विचारलं, "पहिल्या वर्षात शिकलीस काय, मारित?"

मी खरं सांगितलं. पहिल्या वर्षाला आम्ही सगळे प्रयोगातले उंदीर असतो. वरच्या वर्गातली मुलं प्रयोग करतात आणि आम्ही अंधाऱ्या खोलीत बसून लाल ठिपका दिसला की बटण दाबायचं. ठरलेले तास भरले नाहीत तर वर्ष पुरं होत नाही.

"म्हणजे बटण दाबायला शिकलीस," आजोबा म्हणाले. "बरं झालं. जिन्यातला दिवा तुझ्या आईला अजून सापडत नाही."

उरलेल्या वेळात आम्ही काय केलं ते मात्र सांगितलं नाही. पुस्तकातला एकेक रोग घेऊन तो घरच्यांना चिकटवला. आईला मी चिंतारोग दिला, शेजारच्या मांजराला नैराश्य. आम्हा विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या घरात राहणारा, माझ्याच वर्गातला वाउट तर दर धड्यागणिक स्वतःच आजारी पडायचा.

आणि आजची मोठी बातमी! आजीच्या काळापासून त्या घरात कॉफीबरोबर एकच बिस्कीट मिळतं. डबा उघडायचा, एकदा फिरवायचा आणि झाकण लावायचं. लहानपणी त्या झाकणाचा टप् असा आवाज आला की मला रडू यायचं. आज आजोबांनी डबा दुसऱ्यांदा फिरवला. मी गुपचूप घेतलं. थोड्या वेळाने तिसऱ्यांदा फिरवला! आईला फोनवर सांगितलं तर म्हणते, "थापा मारू नकोस." एकटेपणाने माणूस मऊ होतो म्हणायचं. मला तर आवडलं.

२० सप्टेंबर, गुरुवार

यंदाचा सगळ्यात चांगला विषय म्हणजे चाचण्यांचा सराव. हातात घड्याळ, समोर माणूस, आणि आपण ताईसाहेब. तेर्प्स्ट्राबाई शिकवतात. बुटक्या, करड्या केसांच्या, सायकलचं हेल्मेट काढायला नेहमी विसरणाऱ्या.

आज स्मरणाची चाचणी. आधी ठरलेलं वाक्य म्हणायचं, एक शब्द इकडचा तिकडे न करता: "मी एक गोष्ट सांगते. नीट ऐका. संपली की आठवेल तेवढी मला सांगा." मग गोष्ट, सावकाश:

डेव्हेंटरच्या बेकरीत काम करणारी आन्ना फिसर सोमवारी सकाळी नावेतून नदी ओलांडत होती. मधोमध आल्यावर वाऱ्याने तिची टोपी उडाली आणि पाण्यात पडली. नावाड्याने लांब आकडीने ती बाहेर काढली. तिने पैसे देऊ केले, पण त्याने घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यासाठी मनुक्यांचा पाव नेला.

ऐकणाऱ्याने जेवढे तुकडे परत सांगितले तेवढे गुण. स्वतःच्या पदरचं काही घातलं तर त्याला गुण नाही, पण बाजूला नोंद करायची. अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचं.

वाउटवर करून बघितलं. त्याला सगळं आठवलं, फक्त नावाडी आणि पाव यांची अदलाबदल झाली. म्हणे, त्याला भूक लागली होती.

बाई शेवटी म्हणाल्या, "सराव एकमेकांवर करा. ज्यांना पुढेमागे या चाचणीची गरज लागू शकेल अशा माणसांवर करू नका. सगळ्या दवाखान्यांतून हीच गोष्ट वापरतात." वर्गाने माना डोलावल्या. माझ्या घरी तशी कुणालाच गरज नाही, पण बाईंचंही बरोबर आहे.

वर्गात सगळे विशीतले. सगळे सगळंच सांगतात. त्यात सराव कसला व्हायचा?

२३ सप्टेंबर, रविवार

आजोबांवर चाचणी घेतली! इतकी मजा आली की काय सांगू.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसलो. मी एकदम सरकारी आवाज काढला, "मी एक गोष्ट सांगते. नीट ऐका." आजोबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, चर्चमध्ये काढतात तशी.

गोष्ट संपली. आजोबा म्हणाले, "एक बाई होती. होडीत होती. वारा सुटला. पश्चिमेचा असणार, सप्टेंबरात तोच असतो. आणि... टोपी. निळी."

"निळी म्हटलं नव्हतं मी."

"निळीच असणार. मग त्याने ती काढली. त्यात काय, कुणीही काढेल." पुढे त्यांची गाडी वळली ती समुद्राला बांध घालण्याआधीच्या दिवसांकडे. तेव्हा झाउटकाम्पच्या बंदरातून सरळ समुद्रात जाता यायचं. त्यांच्या बापाची टोपी एकदा उडाली होती, ती बोर्कुम बेटाच्या दिशेने निघून गेली आणि बाप तिला हात करत राहिला. मी पोट धरून हसले. नोंद करायची जागाच पुरेना.

गुण अगदी कमी पडले. पण पुस्तकात लिहिलंच आहे की म्हातारी माणसं ऐकलेलं आपल्या आयुष्याशी जोडून घेतात. मी म्हटलं, "छान केलंत आजोबा."

"छान?" ते म्हणाले. टोपी हातात घेऊन बसले होते. मग म्हणाले, "पुन्हा सांग बघू ती."

१४ ऑक्टोबर, रविवार

आजोबांसारखा विद्यार्थी नाही. मी दारात पाय ठेवते न ठेवते तोच, "हं, काढ ती बाई बाहेर." कॉफीच्या आधी एकदा, जेवणानंतर एकदा आणि मी बसला निघताना एकदा. आज आन्ना फिसरचं आडनावसुद्धा सांगितलं. माझं वाचनही सुधारलंय. पूर्वी मी टोपीपाशी घाई करायची.

जेवायला केल नावाच्या पालेभाजीत कुस्करलेले बटाटे, आजी करायची तसेच. मीठ मात्र नव्हतं. मी म्हटलं, "रक्तदाबाचं पथ्य का?" आजोबा म्हणाले, "हो हो, पथ्य." डॉक्टरांचं ऐकायला लागले हे चांगलंच झालं.

बोटीवरही गेलो. त्यांची ती छोटी लाकडी बोट, नाव 'वित्स्के', आजीचं. धक्क्याच्या खुंटीला दोर असा काही वेडावाकडा गुंडाळला होता की मी बघतच राहिले. मी सात वर्षांची असताना माझी गाठ चुकली म्हणून याच माणसाने मला पावसात उभं करून ती पुन्हा पुन्हा घालायला लावली होती. आता स्वतःच सैल झालेत. बरंच आहे, मला नाहीतरी त्या गाठीचा राग होता.

१ नोव्हेंबर, गुरुवार

संख्याशास्त्र. लिहिण्यासारखं काही नाही. खिडकीबाहेर सायकली, त्यावर पाऊस.

आज ग्रंथालयात आठवणींवरचा धडा वाचत होते आणि कुठून कोण जाणे, उकडलेल्या कोळंबीचा वास आला. कुणाच्या डब्यातही नव्हती. मग तासभर पुस्तक उघडं ठेवून मी झाउटकाम्पमध्येच होते. आजीच्या टेबलावर मेणकापड, त्यावर बारक्या कोळंबीचा ढीग, चार बायका भोवती. बोटं चालू, तोंडं त्याहून चालू. पिळायची, ओढायची, टाकायची. मला टेबलाखाली बसवायच्या आणि मधूनच एक सोललेली कोळंबी खाली यायची. मी कुणाचा हात आहे ते ओळखायचे. आजीच्या बोटाला चिकटपट्टी असायची.

आजोबा आणि आजी कसे भेटले ती गोष्ट दर वाढदिवसाला व्हायचीच. आजोबा तेव्हा बापाच्या बोटीवर कोळंबी उकडायचं काम करत. पहिल्यांदा ती सोलायला द्यायला आजीच्या आईकडे गेले. टेबलाशी बसलेल्या मुलीने वरसुद्धा न बघता विचारलं, "ही उकडली कुणी? की बुडवून मारली?" आजोबा कानापर्यंत लाल. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. या खेपेला तिने स्वतः उकडलेली एक सोलली, त्यांच्या तोंडात घातली आणि म्हणाली, "आता बघ. याला उकडणं म्हणतात." इथे आजी दर वेळी म्हणायची, "तोंड मात्र अजून मिटलेलं नाही त्याचं." मग सगळे हसायचे आणि केक फिरायचा.

फार आठवण येते तिची. परीक्षेत हा प्रश्न आला तर मी पानंच्या पानं लिहीन.

१८ नोव्हेंबर, रविवार

घरात वादळ. आईही आली होती.

झालं असं. गुरुवारी आजोबा बोट घेऊन तळ्यावर गेले आणि संध्याकाळपर्यंत परतले नाहीत. शेवटी दुसऱ्याच गावच्या धक्क्याला कुणाला तरी सापडले. आजोबा म्हणतात, धुकं होतं. आई म्हणते, गुरुवारी स्वच्छ ऊन होतं.

"साठ वर्षं मी पाण्यावर आहे!"

"समुद्रावर होता बाबा. आता तळं आहे ते. तळ्यात हरवलात तुम्ही."

असं बोलायला नको होतं तिने. बांध घालून समुद्र तोडला त्या वर्षापासून आजोबा त्या पाण्याला 'डबकं' म्हणतात, पण दुसऱ्याने म्हटलेलं चालत नाही.

आईने दवाखान्यात वेळ घेतली आहे. ११ डिसेंबर, स्मरणशक्तीची तपासणी. त्यात काही निघालं तर बोट विकायची आणि हे घर सोडून त्यांनी वृद्धाश्रमात जायचं. आजोबा म्हणाले, "आणि नाही निघालं तर?" आई म्हणाली, "तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. शब्द देते." तिला रडू फुटलं होतं. मला तिचा भयंकर राग आला. चिंतारोग आहेच तिला, मी उगाच नव्हतं म्हटलं.

आजोबांना काही झालेलं नाही. मी दर रविवारी त्यांना बघते, आई महिन्यातून एकदा.

२५ नोव्हेंबर, रविवार

आजोबांना आज कशातच रस नव्हता, फक्त गोष्ट. माझी परीक्षा कधी, ते दोनदा विचारलं. मला वाटतं माझ्यापेक्षा त्यांनाच तिची जास्त काळजी आहे. मी म्हटलं, "माझी तयारी झाली आहे आजोबा, आता नको."

"माझी नाही झाली," ते म्हणाले. "सांग. सोमवारी सकाळी."

सांगितली. मग त्यांनी सांगितली. एकही तुकडा सुटला नाही. मनुक्यांचा पाव येईपर्यंत मी श्वास रोखून बसले होते. पैकीच्या पैकी! मी उठून त्यांचा मुका घेतला. लाजले. डबा काढला, फिरवला, पुन्हा फिरवला.

११ डिसेंबर, मंगळवार

पास! पास! पास!

आईचा दवाखान्यातून फोन. स्मरणशक्ती वयाच्या मानाने उत्तम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असे आजोबा रोज येत नाहीत." बोट राहिली. घर राहिलं. वाउटने आनंदाने सगळ्या घरासाठी मोहरीचं सूप केलं आणि जाळलं. तरी प्यायलो.

मी म्हटलं होतं ना.

१२ डिसेंबर, बुधवार

आई पुन्हा फोनवर. आवाज हलका, कितीतरी वर्षांनी अशी हसत होती. "तुझे आजोबा म्हणजे काय सांगू! बाकी ठिकाणी अडखळत होते. तारीख चुकली, घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर काटे कागदाच्या बाहेर. पण गोष्ट सांगितली ना, कुठलीशी बाई, तिची टोपी नदीत उडते, अशी धडाधडा सांगितली की डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, घड्याळाचं घाबरल्यामुळे झालं असेल. मारित? ऐकतेस ना?"

ऐकत होते.

आता पुढे काय लिहू ते कळत नाही.

१६ डिसेंबर, रविवार

झाउटकाम्पला गेले नाही. सर्दी झाली म्हणून कळवलं. खोटं.

दिवसभर मागची पानं वाचली. बिस्किटं. मीठ. गाठ. हे सगळं मी लिहिलंय, माझ्याच हाताने, आणि प्रत्येक ठिकाणी खाली हसून ठेवलंय.

वाउटला स्वयंपाकघरात सांगितलं. तो कांदा चिरत होता, सुरी ठेवून दिली त्याने. मी म्हटलं, "न सांगितलं तर? त्यांचं घर राहतं, बोट राहते. कुणाचं काय बिघडतं?"

"आणि पुढच्या गुरुवारी ते कुठे निघतील?"

"तू गप्प बस."

त्याने सुरी पुन्हा उचलली. मग म्हणाला, "बाईंकडे जा तू. मी येतो बरोबर." मी त्याला फार वाईट बोलले, इथे लिहिण्यासारखं नाही. तरी रात्रीच्या जेवणाला त्याने माझं ताट वाढून दाराशी ठेवलं.

१७ डिसेंबर, सोमवार

गेले बाईंकडे. वाटलं होतं ओरडतील. त्या हेल्मेट घालूनच ऐकत राहिल्या.

"म्हणजे त्या दिवशी दवाखान्यात तुमच्या आजोबांची आठवण नाही मोजली गेली," त्या म्हणाल्या. "तुमची शिकवणी मोजली गेली. ती चांगलीच होती म्हणायची."

मी रडले. त्यांनी रुमाल दिला, तोही ओलाच होता, सायकलची सीट पुसायचा.

"दुसरी गोष्ट असते, अशाच वेळेसाठी. डॉक्टरांना कळवावं लागेल. पण आधी आजोबांना सांगा. तपासणी त्यांची आहे, तुमची नाही आणि आईचीही नाही."

मी म्हटलं, "मी हे शिक्षण सोडून देते."

"ते जानेवारीत ठरवा. डिसेंबरात सगळेच सोडतात," बाई म्हणाल्या.

२३ डिसेंबर, रविवार

सांगितलं.

पूर्ण रस्ताभर बसमध्ये वाक्य जुळवत होते. आजोबा दारातच म्हणाले, "सर्दी गेली?" आणि मग, "हं, काढ ती बाई."

"आजोबा, ती गोष्ट आता नको. दवाखान्यात तीच विचारली होती ना?"

"तीच. शब्दन् शब्द."

"ती मी तुम्हाला आधी सांगायला नको होती. त्यामुळे तुम्ही पास झालात. ती परीक्षा शिकून द्यायची नसते."

ते खुर्चीत बसले. खिडकीतून बोट दिसते तिथली त्यांची खुर्ची.

"शिकवणीशिवाय कुणी पास झालंय का कधी?" म्हणाले. मग त्यांनी टोपी काढली. "पोरी, मला ठाऊक होतं ते."

"काय ठाऊक होतं?"

"वित्स्केच्या बहिणीला नेलं होतं ना तिथे. तिलाही अशीच गोष्ट सांगितली होती. मी बाहेर बाकावर बसलो होतो, दार उघडं होतं. पुढच्या महिन्यात तिचं घर रिकामं केलं." टोपी हातात फिरवत होते. "तू पहिल्यांदा सांगितलीस तेव्हा मला तुकडेच आठवले. बाई, होडी, टोपी. बाकी सगळं धुवून गेलेलं. तू हसत होतीस, छान म्हणालीस. मी त्या दिवशी घाबरलो बघ. म्हणून म्हणत होतो, पुन्हा सांग. तू गेलीस की बोटीत जाऊन बसायचो आणि मोठ्याने म्हणायचो. आन्ना फिसर. सोमवार सकाळ. त्या गुरुवारी तेच म्हणत होतो आणि वळायचं राहून गेलं."

"मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "तू हेच शिकतेस ना. मला वाटलं, तुला कळलंय."

हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही.

टोपी डोक्यावर ठेवत ते म्हणाले, "कर फोन त्यांना. पण नाताळ होऊ दे. आणि आज बोट काढू, तू न् मी."

थंडी कडाक्याची होती. तळ्यात मधोमध जाऊन त्यांनी यंत्र बंद केलं आणि हाताने दाखवायला लागले. इथे वाळूचा दांडा होता, भरतीच्या वेळी बुडायचा. तिथे सील ऊन खात पडायचे. हा वास बघ, म्हणाले, नाही येत? मी म्हटलं, येतो. पाण्याला कसलाच वास नव्हता, पण मला मात्र आजीच्या टेबलाखालचा आला. साठ वर्षांपूर्वीचं सगळं त्यांना तोंडपाठ होतं, एकही खूण चुकली नाही. हे कुठल्या चाचणीत मोजतात ते मला विचारायचंय कुणाला तरी.

परत आल्यावर दोर त्यांनी गुंडाळला. ते पुढे गेल्यावर मी सोडला आणि नीट बांधला.

१७ फेब्रुवारी २०१३, रविवार

आजोबांचा ऐंशीवा वाढदिवस. ही डायरी पुन्हा उघडायचा धीर आज झाला.

जानेवारीत दुसरी तपासणी झाली. मी बरोबर होते, दाराबाहेरच्या बाकावर. दार उघडंच होतं. दुसरी गोष्ट एका घड्याळजीची होती. डॉक्टरीणबाईंनी सावकाश वाचली, माझ्यापेक्षा छान. मग आजोबांचा आवाज, "सोमवारी सकाळी. आन्ना फिसर..." आणि पावापर्यंत सगळी सांगितली, न चुकता. डॉक्टरीणबाई मध्ये बोलल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

बोट गेल्या आठवड्यात गेली. आजोबांनी दोर स्वतः सोडून दिला आणि मागे वळून बघितलं नाही. मे महिन्यात लेन्स गावच्या वृद्धाश्रमात खोली मिळतेय. आई माझ्यावर रागावली नाही, हेच मला जड जातंय. फक्त म्हणाली, "बाबा पास झाले त्या रात्री मी किती दिवसांनी झोपले होते गं."

तर आज वाढदिवस. सगळे गोल करून बसलो, रीतीप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं, कॉफी झाली. आणि नेहमीप्रमाणे कुणीतरी म्हणालं, "लूबेर्त, वित्स्के कशी भेटली ते सांग."

आजोबांनी गळा साफ केला. "सोमवार होता," म्हणाले. "ती माझ्या होडीत होती. वारा सुटला, पश्चिमेचा. तिची टोपी उडाली. निळी. मी आकडीने काढली. पैसे देत होती वेडी. मी कसला घेतोय! दुसऱ्या दिवशी बघतो तर दारात उभी, मनुक्यांचा पाव घेऊन."

आईचा कप हातातच राहिला. ती "बाबा, कोळंबी..." म्हणाली. आजोबा तिच्याकडे बघून हसले, फार गोड, लाज वाटल्यासारखे. "कसली टोपी होती! अजून दिसते."

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. कोळंबीची गोष्ट गेली. तिच्या जागी मी माझ्या हाताने, रविवारी रविवारी, आन्ना फिसरला आणून बसवलं. पुस्तकात याला नाव आहे. ते लिहायचीसुद्धा इच्छा नाही.

निघताना आजोबांनी कानात विचारलं, "परीक्षा कधी?" त्या एका प्रश्नासाठी मी अजून कॉलेजात जाते.

२० जुलै २०१४, रविवार

पदवी मिळाली. शुक्रवारी झालं सगळं. तेर्प्स्ट्राबाईंनी हात मिळवला, त्या दिवशी हेल्मेट नव्हतं, तर मी त्यांना ओळखलंच नाही आधी. वाउटने घरासाठी पुन्हा मोहरीचं सूप केलं. आता चांगलं करतो. हे माझं मत निःपक्षपाती नाही, कारण आम्ही सप्टेंबरपासून एकत्र घर घेतोय.

आज आजोबांकडे लेन्सला गेले. आता मी त्यांच्यासाठी कधी रेन्स्के असते, म्हणजे आई, आणि कधी कुणीतरी चांगली मुलगी. खिडकीतून शेत दिसतं. बिस्किटांचा डबा आईने आणून दिलाय, तो तेवढा ओळखीचा. तो फिरला. दोनदा, तीनदा. मी दर वेळी घेतलं.

पदवी दाखवली. बोटाने कागद चाचपला, म्हणाले, "जाड आहे." मग खिडकीबाहेर बघत बसले.

मला काय वाटलं कोण जाणे. मी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि म्हटलं, "मी एक गोष्ट सांगते. नीट ऐका. संपली की आठवेल तेवढी मला सांगा."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. दीड वर्षात पहिल्यांदाच त्यांची पाठ ताठ झालेली बघितली मी.

सावकाश सांगितली, बाईंनी शिकवल्यासारखी. झाउटकाम्पचा एक तरुण बापाच्या बोटीवर कोळंबी उकडायचा. एकदा ती सोलायला देण्यासाठी तो एका घरी गेला. टेबलाशी बसलेल्या मुलीने वर न बघता विचारलं, ही उकडली कुणी, की बुडवून मारली? तो कानापर्यंत लाल झाला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. तिने एक सोलून त्याच्या तोंडात घातली आणि म्हणाली, आता बघ, याला उकडणं म्हणतात.

आजोबा मनापासून हसले. "तोंडाळ होती," म्हणाले. "मग? लग्न केलं की नाही त्याने तिच्याशी?"

"केलं."

"शहाणा माणूस." ते विचारात पडले. ओठ हलत होते, काहीतरी शोधत होते. मी वाट बघितली. चाचणीत मदत करायची नसते.

"गोष्ट चांगली आहे पोरी," शेवटी म्हणाले, अगदी हळू, मला वाईट वाटू नये म्हणून. "पण तू एक विसरलीस. तिच्या टोपीचं राहिलं."

"हो की," मी म्हटलं. "राहिलंच ते."

आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितली. या खेपेला ती दारात येऊन उभी राहिली, पश्चिमेचा वारा सुटला, आणि तिची निळी टोपी उडाली.